जुना कृष्णधवल चित्रपट संगणकावर पाहताना : चित्रयोजनेचा प्रश्न

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले व १९४२ साली तेथेच निधन पावले. त्यांच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा कृष्णधवल चित्रपट काढला. असे चित्रपट चित्रपटगृहात पाहावयास मिळणे आज विरळा. अभ्यासकाची भिस्त बहुधा डीव्हीडीवर आणि ती दाखविणाऱ्या संगणकीय आज्ञावलीवर असते. या आज्ञावलीची योजना चुकली असता, जे दिसते ते छायालेखकाचे की यंत्राचे, हे सांगणे दुरापास्त होते. छायाप्रकाशाविषयी अथवा संकलनाविषयी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हे.

प्रथम विचार काळ्या रंगाचा. डीव्हीडीवर उजळतेची नोंद १६ पासून २३५ पर्यंतच्या पट्टीवर होते. १६ म्हणजे काळा, २३५ म्हणजे पांढरा. संगणकाचा पडदा मात्र ० ते २५५ ही पट्टी वापरतो. हे रूपांतर झालेच नाही तर काळे ते राखाडी दिसते व सारे चित्र धुरकट भासते. आणि आज्ञावलीने एकदा व ग्राफिक्स कार्डाने पुन्हा एकदा, असे ते दोनदा झाले, तर छायेतील तपशील काळोखात बुडून जातो. ही दुसरी चूक अधिक घातक होय; कारण असे चित्र ठसठशीत दिसते आणि गडद छायेचे श्रेय विनाकारण दिग्दर्शकास मिळते. यास्तव ही पट्टी आधी जुळवावी. त्यानंतरही चित्र मंद वाटल्यास 'ब्राइटनेस' न वाढविता 'गॅमा' किंचित वाढवावा. ब्राइटनेसमुळे काळ्यासह सर्वच छटा वर उचलल्या जातात. गॅमामुळे प्रामुख्याने मधल्या छटा उजळतात, दोन्ही टोके जागच्या जागी राहतात.

दुसरा प्रश्न चित्राच्या ओळींचा. डीव्हीडीवरील चित्र पुष्कळदा सम व विषम ओळींच्या दोन अर्धचित्रांत विभागलेले असते. 'वीव्ह' पद्धतीत ही दोन अर्धचित्रे एकमेकांत विणली जातात. सोलापूरच्या वाचकास हे नाव परके वाटू नये. दोन्ही अर्धचित्रे एकाच क्षणाची असतील तर वीण अचूक बसते. पण एनटीएससी पद्धतीच्या तबकडीत सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट स्थूलमानाने ६० अर्धचित्रांवर पसरविताना एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा घेतलेले असते. परिणामी काही चौकटींत दोन निराळे क्षण एकत्र येतात आणि हलत्या वस्तूच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात. ते लपविण्यासाठी 'ब्लेंड' हा पर्याय निवडल्यास दोन क्षण एकमेकांत मिसळतात, आणि थांबविलेली चौकट दुहेरी छायाचित्रणासारखी दिसू लागते. संकलनाच्या अभ्यासकाने त्यास 'डिझॉल्व्ह' समजणे अगदी शक्य आहे. व्हीएलसी या आज्ञावलीत अशा तबकडीसाठी 'फिल्म एनटीएससी' हा स्वतंत्र पर्याय आहे. त्यायोगे मूळ २४ चौकटी परत जुळविल्या जातात.

उरलेल्या गोष्टी सोप्या आहेत. चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे. रुंद पडदा भरण्याच्या हव्यासाने माणसे बुटकी होतात. कृष्णधवल चित्रात हिरवट वा तांबूस झाक असल्यास 'सॅच्युरेशन' शून्यावर आणावे. 'शार्पनेस'चा मोह टाळावा हे बरे. त्याने नवा तपशील निर्माण होत नाही, फक्त कडांभोवती पांढरी रेघ उमटते.

पाल पद्धतीच्या तबकडीत आणखी एक गोम आहे. तेथे चित्रपट बहुधा सेकंदाला २५ चौकटी या गतीने धावतो. म्हणून १० सेकंदांचे चित्रण ९.६ सेकंदांत संपते. चित्रणांची लांबी मोजणाऱ्याने मोजलेल्या काळास २५/२४ ने गुणावे, किंवा गती ०.९६ करावी. तसे करूनही आवाजाची चढलेली पट्टी मात्र आपोआप उतरत नाही. कारण व्हीएलसी गती बदलताना स्वर कायम राखते. ती सोय ध्वनीच्या योजनेत जाऊन बंद करावी लागते.