सोनखतातले सोने कुणाचे?

मराठीत मैल्याच्या खताला सोनखत म्हणतात. खताला सोन्याचे नाव देणाऱ्या समाजाने ते डोक्यावरून वाहणाऱ्या माणसाला मात्र शिवून घेतले नाही. हे आज आठवायचे कारण, शहरांच्या सांडपाण्यातला गाळ आता पुन्हा 'संपत्ती' ठरू लागला आहे.

आणि ते खोटे नाही. माणूस अन्नातून जे नत्र, स्फुरद, पालाश घेतो, त्यातले बहुतेक शेवटी संडासातच जाते. स्फुरदाच्या खतासाठी आपला देश परदेशी खनिजावर अवलंबून आहे आणि आपली शहरे तेच स्फुरद नदीत सोडून जलपर्णी पोसतात. जर्मनीने २०१७ साली नियम करून मोठ्या शहरांच्या केंद्रांना २०२९ पासून गाळातले स्फुरद परत मिळवणे बंधनकारक केले. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने कोबाल्टच्या किरणांत गाळ निर्जंतुक करण्याचा, रोज १०० टन क्षमतेचा प्रकल्प २०१९ साली अहमदाबादेत उभा राहिला.

यातले शास्त्र अवघड नाही. गाळ हवाबंद टाकीत कुजवला की मिथेन निघतो, त्यावर वीज करता येते. उरलेला गाळ निथळून पुरेशा उष्णतेत कुजवला की जंतांची अंडी मरतात. निथळलेल्या पाण्यात मॅग्नेशियम मिसळले तर नत्र आणि स्फुरद खड्याच्या रूपाने खाली बसतात, तेही खतच. अट एवढीच की कारखान्यांचे पाणी त्याच गटारात येता कामा नये. नाहीतर गाळात शिसे, कॅडमियम उतरते आणि ते शेतकऱ्याच्या गळ्यात पडते.

पण हाच मिथेन मॅनहोलमध्ये आणि सेप्टिक टँकमध्येही साठतो, सोबत हायड्रोजन सल्फाइड असतो. केंद्रात तो इंधन, गटारात तो आमच्या माणसाचा शेवटचा श्वास! शासनाने २०२४ साली संसदेत दिलेल्या आकड्याप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ जण असे मेले. कायदा १९९३ चा आहे, दुसरा २०१३ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या वारसाला १० लाख ठरवले, २०२३ साली ३० लाख केले. मरणाचा दर वाढला, मरण थांबले नाही.

ते का थांबत नाही, हे गाळच सांगतो. टाकी वर्षानुवर्षे उपसली नाही की तळाचा गाळ घट्ट होतो, टँकरच्या नळीला तो ओढता येत नाही. मग कुणाला तरी दोरी बांधून खाली सोडतात. तो 'कुणीतरी' कोणत्या वस्तीतून येतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी प्रत्येक टाकी दर तीन वर्षांनी यंत्राने उपसायची आणि तो मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा, अशी पद्धत सुरू केली. लहान गावांना जे सुचले ते कोट्यवधींचे अंदाजपत्रक असणाऱ्या महापालिकांना का सुचू नये?

मेलेली गुरे ओढणे सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले तेव्हा कातड्या-हाडांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब काही शहाण्यांनी मांडला होता. इतका फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, असे बाबासाहेबांनी त्यांना बजावले. आज हिशेब उलटा झाला आहे. गाळाला भाव येताच निविदा निघतात, ठेका कंपनीकडे जातो, गॅस, वीज आणि खताचे पैसेही तिकडेच. आमच्या वाट्याला उरते ते फावडे, तेही रोजंदारीवर.

घाणीचे काम पवित्र आहे, हे प्रवचन आम्ही पुष्कळ ऐकले. आम्हाला पावित्र्य नको, हिशेब हवा. केंद्र सरकारची नमस्ते योजना सफाई कामगारांना यंत्रे घेण्यासाठी मदत देऊ करते. मग मैला उपसण्याच्या आणि खतविक्रीच्या ठेक्यात कामगारांच्या सहकारी संस्थांना पहिला हक्क का नाही? केंद्रातल्या तंत्रज्ञाच्या जागांसाठी त्यांच्या मुलांना प्रशिक्षण का नाही?

आपल्या नगरसेवकाला, नगरसेवक नसेल तर मुख्याधिकाऱ्याला किंवा आयुक्ताला, कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न लेखी विचारावेत. वॉर्डातल्या टाक्या शेवटच्या कधी उपसल्या? आणि तो गाळ कुठे गेला, त्याचे पैसे कुणी घेतले?