आठवड्यातले दोन दिवस

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाच्या क्षेत्रकार्य अहवालात एक वाक्य हमखास सापडतं : 'बाई अशिक्षित असल्याने त्यांना उपचारांचे महत्त्व पटवून दिले.' पर्यवेक्षक त्याखाली रेघ ओढतात आणि समासात लिहितात, 'त्या काय म्हणाल्या?' विद्यार्थिनी गडबडते. तासभर तीच बोलत होती. पुढच्या भेटीत ती ऐकत बसते, आणि मग कळतं, की क्षयरोगाच्या गोळ्यांचं महत्त्व बाईंना चांगलं ठाऊक आहे. पण दवाखान्यात रांग लावायची म्हणजे धुण्याभांड्यांच्या कामाचा खाडा, आणि असे दोन-तीन खाडे झाले की ते घर सुटतं.

समाजकार्याचं सगळं शिक्षण मला त्या समासातल्या तीन शब्दांत दिसतं.

'समाजसेवा करायला डिग्री कशाला?' हा प्रश्न आपल्याकडे घरोघर विचारला जातो, आणि तो गैर नाही. जोतीराव-सावित्रीबाईंकडे अशी पदवी नव्हती. बाबा आमटे शिकले होते वकिली. पण तसं झोकून देणारं माणूस प्रत्येक तुरुंगाला, प्रत्येक बालगृहाला कुठून मिळणार? तिथे रोज वेळेवर येणारं, कायदा जाणणारं आणि समोरच्याचं दुःख ऐकूनही डोकं शांत ठेवणारं माणूस लागतं. ते घडवावं लागतं.

आपल्या देशात हे घडवणं सुरू झालं मुंबईच्या नागपाड्यात. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने तिथे १९२६ साली नेबरहूड हाउस हे वस्तीतल्या लोकांसाठीचं केंद्र उभारलं. त्याच कामातून, दोराबजी टाटा ट्रस्टच्या पाठबळावर, १९३६ मध्ये समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी भारतातली पहिली संस्था निघाली. १९४४ साली तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली. पण सुरुवात गजबजलेल्या वस्तीत झाली, याला मी फार महत्त्व देते. पुढे मुंबईत निर्मला निकेतन (१९५५), पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था (१९६३) अशी महाविद्यालयं आली आणि क्षेत्रकार्य हाच सगळीकडे कणा राहिला.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. व्यक्ती सहयोग कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, कायदे, संशोधन हे विषय वर्गात होतात. आठवड्यातले साधारण दोन दिवस मात्र रुग्णालयात, निरीक्षणगृहात, शाळेत, वस्तीत जातात. परतल्यावर अहवाल लिहायचा : काय घडलं, कोण काय बोललं आणि ते ऐकताना आपल्याला काय वाटलं, हेही. मग पर्यवेक्षकांसमोर बसून एकेका ओळीचा जाब द्यायचा. 'मुलगा खोटं बोलत होता' असं लिहिलंत? कशावरून? पोटच्या मुलांना मारणाऱ्या बापाचा राग आला, तर तो रागही कागदावर यावा लागतो. लपवलेला राग पुढच्या भेटीत बोलण्यातून बाहेर पडतो.

अशा शिक्षणातून काय उभं राहतं, ते १९८४ साली मुंबईत दिसलं. टाटा इन्स्टिट्यूटने पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाऊन आलेल्या बाईला पोलिसांच्याच आवारात बसवून घेणारी, तिचं ऐकणारी, गुन्हा नोंदवायला तिच्यासोबत उभी राहणारी समाजकार्यकर्ती तिथे भेटू लागली. पुढे राज्य सरकारने हे काम स्वीकारलं आणि असे कक्ष महाराष्ट्रभर पसरले. अडचणीतल्या मुलांसाठीची १०९८ ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये याच संस्थेच्या प्रकल्पातून निघाली.

आणि तरीही या पदवीची किंमत आपण केलेली नाही. पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा, असं १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितलं होतं. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकांची पदं आहेत. पण एरवी बरीचशी कामं कंत्राटी. प्रकल्प संपला की माणूस घरी. वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना परिषद आहे. सगळ्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद देशपातळीवर नाही. ती व्हायला हवी आणि पदं कायमस्वरूपी भरली जायला हवीत.

घरातली मुलगी एमएसडब्ल्यूचा फॉर्म घेऊन आली, तर एक करा. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाबाहेरच्या बाकावर एक सकाळ बसून या. मग त्या फॉर्मवर सही करा.