विद्युत् प्रचालन, उपग्रहांचे : बाजारपेठ-संशोधन
वायूचे आयनीभवन करून त्याचे कण विद्युत् क्षेत्राने वेगवान करणे व त्यांच्या प्रतिक्रियेने उपग्रह ढकलणे, या पद्धतीस विद्युत् प्रचालन म्हणतात. तिचा रेटा अत्यल्प, काही मिलिन्यूटनांपासून काहीशे मिलिन्यूटनांपर्यंत असतो, मात्र कणांचा वेग रासायनिक प्रचालकाच्या (सेकंदाला सु. ३ किमी.) पाच ते दहापट असतो. त्यामुळे या यंत्रणांना ग्राहक किती, हा प्रश्न मुळात वजनाच्या हिशेबाचा ठरतो.

जुन्नर तालुक्यातील (जि. पुणे) आर्वी येथे १९७१ मध्ये विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. त्याची सु. ३० मी. व्यासाची आकाशक हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहाकडे रोखलेली असे. असा भूस्थिर उपग्रह चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने उत्तर-दक्षिण सरकू लागतो. त्यास जागेवर राखण्यासाठी वर्षाला सेकंदाला सु. ५० मी. इतका वेगबदल करावा लागतो. २,००० किग्रॅ. वजनाच्या उपग्रहास १५ वर्षांत यासाठी रासायनिक प्रचालक सु. ४४० किग्रॅ. लागेल, कणांचा वेग सेकंदाला १५ किमी. धरल्यास विद्युत् प्रचालनास सु. १०० किग्रॅ. झेनॉन पुरेल. उलट, केवळ विद्युत् प्रचालनाने भूस्थिर कक्षा गाठण्यास कित्येक महिने लागतात व तेवढ्या काळाचे उत्पन्न बुडते. तरीही २०१५ मध्ये असे पहिले दोन व्यापारी उपग्रह सोडण्यात आले.

केवळ उपग्रहांची संख्या मोजून बाजारपेठेचा अंदाज करणे फसवे असते. २०१७ च्या सुमारास भूस्थिर उपग्रहांच्या मागण्या एकदम घटल्या. २०१९ पासून निम्न कक्षेत हजारो स्टारलिंक उपग्रह गेले, परंतु त्यांचे प्रचालक-यंत्र (आधी क्रिप्टॉनवर, नंतर आर्‌गॉनवर चालणारे) ती कंपनी स्वतःच बनविते. बाहेरच्या विक्रेत्यास तेथे वाव नाही. शिवाय अवकाशात चालून न दाखविलेले यंत्र सहसा कोणी विकत घेत नाही. भारतात जीसॅट-४ बरोबर ही यंत्रणा २०१० मध्ये नष्ट झाली; जीसॅट-९ वर ती २०१७ मध्ये वापरली गेली. बंगलोरच्या बेलाट्रिक्स कंपनीने आपल्या अर्का यंत्रणेच्या ऋणाग्राची चाचणी २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर घेतली.

या वाढीची एक किंमत कोणत्याही विक्री-अंदाजात दिसत नाही. निम्न कक्षेतील उपग्रहांच्या विद्युत् मंडलांतून ११० ते १८८ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात अनाहूत प्रारण बाहेर पडते, असे २०२३ मध्ये यूरोपातील लोफार दुर्बिणीस आढळले. आर्वीपासून जवळच खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे, म्हणजे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांचे, निरीक्षणही सु. १५० मेगॅहर्ट्‌झच्या आसपास चालते.