विश्लेषण : खुराड्यांची गावफेरी कशासाठी? कागलच्या परसातील कोंबड्यांचे गणित काय?

परसातल्या कोंबड्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही, असा समज आहे. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत मात्र तो ठेवला गेला. देशात कोंबड्या आणि इतर कुक्कुट पक्षी ८५ कोटी १८ लाख निघाले. त्यांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातले होते. २०१२च्या गणनेशी तुलना करता व्यावसायिक पोल्ट्रीतले पक्षी साडेचार टक्क्यांनी वाढले, तर परसातले जवळपास ४६ टक्क्यांनी. म्हणजे शेड, बॅटरी पिंजरे आणि ब्रॉयलरच्या जमान्यातही डालग्याखालची कोंबडी मागे पडलेली नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिन, रॅली, सिॲटलसारख्या शहरांत तर लोक एकमेकांच्या घरची खुराडी बघायला ठरवून फेऱ्या काढतात. अशी फेरी कागल तालुक्यात काढायची, तर काय बघायचे आणि काय सांभाळायचे?

खुराड्यांची फेरी म्हणजे नेमके काय?

कल्पना साधी आहे. एका दिवशी पाच-दहा घरे आपले परसू लोकांसाठी उघडतात. पाहुणे एका घरातून दुसऱ्या घरी जातात, खुराडे कसे बांधले, खाद्य काय घालतात, अंडी किती मिळतात, हे विचारतात. अमेरिकी शहरांत ज्यांनी कधी कोंबडी पाळलेलीच नाही, त्यांना धीर यावा म्हणून हे सुरू झाले. आपल्याकडे शिवारफेरी आणि शेतीशाळा ही ओळखीची रूपे आहेत. शेजारच्याच्या उसात उतरून बघितल्याशिवाय नवे वाण कुणी लावत नाही. खुराड्यांचेही तसेच आहे. फरक इतकाच, की उसाची शिवारफेरी गावचे पुरुष करतात आणि कोंबड्यांचे ज्ञान घरातल्या बायांकडे असते. त्यांना आजवर ते कुणी फारसे विचारलेले नाही.

कागलमध्ये ही चर्चा का?

कागल कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर, पुणे-बेंगळुरू महामार्गावर. एका अंगाला पंचतारांकित औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला ऊस, आणि थोडे पुढे गेले की कर्नाटकाची हद्द. नोकरी कारखान्यात आणि घर सिद्धनेर्ली, म्हाकवे किंवा सांगावात, अशी कुटुंबे बरीच. जमीन थोडी, पण घरामागे चार खणांची मोकळी जागा, तिथेच उकिरडा, शेवग्याचे झाड आणि म्हशीची दावण. कोंबडीला याहून जास्त काही लागत नाही. गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. आखाडातल्या जत्रा, नवस, पाहुणेरावळे आणि तांबडा-पांढऱ्याची हौस यांमुळे विकत घेणारा स्वतः दारात येतो.

शिवाय राज्यातल्या चार मध्यवर्ती अंडी उबवणूक केंद्रांपैकी एक कोल्हापुरात आहे. बाकीची पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे. राज्य शासनाच्या योजनेत पन्नास टक्के अनुदानावर २५ तलंगा व ३ नर, किंवा एक दिवस वयाची १०० पिल्ले देण्याची तरतूद आहे. तलंग म्हणजे अंड्यावर येण्याच्या बेतातली कोंबडी. आठ-दहा आठवड्यांचा पक्षी बहुतेक धोक्यांतून पार पडलेला असतो, म्हणून नवख्याने पिल्लांपेक्षा तलंगांपासून सुरुवात केलेली बरी.

गावठी की सुधारित?

फेरीत सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होईल. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. बारा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, रवणीला बसते, एकवीस दिवसांनी पिल्ले काढते आणि पुढचे दोन-तीन महिने त्यांना घेऊन फिरते. या काळात अंडी बंद. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली वनराजा परसात १०० ते १२०, तर ग्रामप्रिया १६० ते १८० अंडी देते. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज कोल्हापूर भागात जुनी ओळखीची आहे. तिची ख्याती वजनासाठी.

आकडे पाहून सुधारित जातीकडे वळावेसे वाटते. पण दोन गोष्टी विक्रेता सांगत नाही. एक, या जाती संकरातून तयार होतात. त्यांची अंडी घरी उबवली तर पुढची पिढी आईसारखी निघेलच असे नाही, म्हणजे दर खेपेला पिल्ले विकतच आणायची. दुसरी, त्या क्वचितच खुडूक होतात, आणि भारी अंगामुळे घार-मुंगूस आले तर भुर्रकन उडून झाडावर जाणे त्यांना जमत नाही. गावठी कोंबडी कमी अंडी देते, पण ती स्वतःच उबवणयंत्र, दाई आणि पहारेकरी असते. म्हणून जुन्या जाणत्या बाया मधला मार्ग काढतात: खुडूक गावठीच्या पोटाखाली आणलेली फलित अंडी ठेवायची. कोंबडी आपले-परके करत नाही.

खुडूक मोडण्यासाठी कोंबडी पाण्यात बुडवणे किंवा नाकात पीस अडकवणे हे उपाय अजून केले जातात. ते सोडून द्यावेत. खुडूकपणा संप्रेरकामुळे येतो. खालून वारा लागेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, पेंढा न घालता, तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवले की बहुतेक कोंबड्या आपोआप उठतात.

खुराड्यात काय बघायचे?

रंगरंगोटी नाही, आधी तळ बघायचा. कागल भागात जून ते सप्टेंबर ओल हटत नाही. ओल्या जमिनीवर रक्ती हगवण पसरते आणि शिटातून सुटणाऱ्या अमोनियाने डोळे चुरचुरतात. खुराड्यात डोके घातल्यावर माणसाच्या डोळ्यांना झोंबले, तर तिथे रात्रभर बसणाऱ्या पक्ष्याचे काय होत असेल? खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा, आणि तो ओला झाला की बदललेला असावा. रात्रीपुरत्या मुक्कामाला मोठ्या पक्ष्यामागे एक ते दीड चौरस फूट जागा पुरते, कारण दिवस तर बाहेरच जातो.

मग जाळी. मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण साप, मुंगूस यांना बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची जाळी महाग पडते. निदान खालचे दोन फूट तरी ती हवीच. ऊसतोड झाली की आडोसा जातो आणि मुंगूस, रानमांजर वस्तीकडे सरकतात. साखर कारखान्यांचा हंगाम हा खुराड्यांच्याही पहाऱ्याचा हंगाम आहे, हे कागलकरांना वेगळे सांगायला नको.

अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे एक अंधारी, पेंढ्याची पेटी. कोपऱ्यात राखेचा किंवा कोरड्या मातीचा खड्डा, कारण कोंबडी धुळीत अंघोळ करून पिसवा-उवा झाडते. पाणी रोज ताजे. खाद्यात तांदळाची कणी, ज्वारी, मक्याचा भरडा, हिरवा पाला. अंड्याचे कवच पातळ येत असेल तर शिंपल्याचा चुरा द्यावा. कवच कॅल्शियमचे असते आणि ते दाण्यातून पुरेसे मिळत नाही.

शेजाऱ्याच्या तक्रारीची भीती असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: अंडी मिळण्यासाठी कोंबडा लागत नाही. तो लागतो पिल्ले काढायला. गल्लीतल्या दाट वस्तीत नुसत्या पाच कोंबड्या पाळल्या, तर पहाटेची बांगही नाही आणि अंडीही मिळतात.

तपकिरी अंडे म्हणजे गावठी?

नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. पिंजऱ्यातल्या संकरित कोंबड्याही तपकिरी अंडी देतात आणि गावठीचे अंडे अनेकदा फिकट, दुधाळ रंगाचे असते. बलकाचा केशरीपणा मका, गवत, हिरव्या पाल्यातून येतो. नुसत्या कवचाच्या रंगावर जादा पैसे मोजणारा फसतो. खात्री करायची तर ते खुराडे बघावे लागते, आणि फेरीचा गिऱ्हाइकाला होणारा खरा उपयोग हाच आहे.

कडकनाथने काय शिकवले?

काळ्या मांसाची कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. २०१८मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रात तिचे वारे शिरले. इस्लामपूरच्या एका कंपनीने पैसे भरून घेऊन पिल्ले दिली आणि अंडी-पक्षी चढ्या भावाने परत घेण्याची हमी दिली. २०१९मध्ये हे सगळे कोसळले. सांगली, कोल्हापूर, साताऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या दारात खाद्याविना पक्षी उरले. त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली गेली.

दोष कोंबडीचा नव्हता. विकणारा आणि विकत घेणारा एकच असला आणि बाजार कुणी डोळ्यांनी पाहिलेला नसला, की हेच होते. त्या शेतकऱ्यांना कंपनीचे शेड दाखवले गेले. कडकनाथ पाळून तिचे मटण खुल्या बाजारात विकणारे घर मात्र त्यांनी शोधून पाहायला हवे होते. परसातला हिशेब अगदी छोटा असतो: दहा गावठी कोंबड्या, वर्षाला पाचशे-सहाशे अंडी, त्यांतली काही घरात, काही रवणीला, काही विक्रीला. यातून बंगला होत नाही. पण पोराची वही, दवाखान्याची फी, एसटीचे भाडे यांसाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. तो पैसा घरातल्या बाईच्या हातात राहतो.

फेरीतूनच रोग पसरला तर?

हा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. कोंबड्यांचा जुना वैरी म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेतचे नाव या रोगाला १९२०च्या दशकात चिकटले. पक्षी मान वाकडी करतो, हिरवट हगतो, आणि लस नसेल तर दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. याचा विषाणू शीट, पिसे, अंड्यांचे ट्रे, आणि माणसाच्या चपलांबरोबर प्रवास करतो. दहा खुराडी एका चपलेने फिरणारा पाहुणा त्याला आयता मिळतो.

बर्ड फ्लूचे तेच. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींत नोंदला गेला. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात गावांतल्या परसातल्या कोंबड्यांत तो सापडला. जानेवारी २०२१मध्ये परभणीजवळ मुरुंब्यात पुन्हा. अशा वेळी ठरावीक परिघातले सगळे पक्षी, धडधाकट असले तरी, मारावे लागतात. अमेरिकेत २०१५च्या साथीत सुमारे पाच कोटी पक्षी गेले आणि आयोवा राज्याने त्या वर्षीची कोंबड्यांची प्रदर्शनेच रद्द केली.

म्हणून फेरी काढायची तर तिचे नियम पाहुण्यांनी आधी ऐकून घ्यावेत. स्वतःच्या घरी पक्षी मेलेले असतील त्याने यायचेच नाही. खुराड्यात शिरायचे नाही, जाळीबाहेरून बघायचे. पक्ष्याला हात लावायचा नाही. प्रत्येक घरातून निघताना तळवे घासून धुवायचे, मग जंतुनाशकात बुडवायचे. चिखल तसाच ठेवून औषध शिंपडले तर उपयोग होत नाही. पिल्लांचे घर आधी, मोठ्या पक्ष्यांचे नंतर. आणि येताना प्रेमाने दिलेली तलंग पिशवीत घालून आणली, तर ती दोन-तीन आठवडे आपल्या कोंबड्यांपासून लांब डालायची. निपाणी-संकेश्वरच्या बाजारातून आणलेल्या पक्ष्यालाही हाच नियम.

लस एकेकट्याने का जमत नाही?

इथे गल्लीची एकी खऱ्या अर्थाने लागते. मानमोडीची लासोटा लस पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा; आठ आठवड्यांनंतर आर-टू-बीचे इंजेक्शन. मधे गंबोरो, आणि पुढे देवीची लस. यांत अवघड काही नाही. अडचण कुपीची आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात. ती २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. घरात कोंबड्या आठ, तर उरलेल्या मात्रा मोरीत. मग कुणी लसच आणत नाही, आणि दर उन्हाळ्याला गावात एकदा मर येते.

दहा-पंधरा घरांनी एक संध्याकाळ ठरवली, पक्षी खुराड्यात परतल्यावर बर्फाच्या थर्मासमधून लस आणली, तर एका कुपीत अख्खी गल्ली होते. ‘उमेद’ अभियानातल्या पशुसखी किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यातले कर्मचारी हे काम करू शकतात. खुराड्यांची पाहणी त्याच संध्याकाळी होऊन जाते. मात्र लस टोचणाऱ्यानेही चपला धुवायच्या आणि आजारी पक्ष्यांचे घर शेवटी घ्यायचे.

पक्षी अचानक मेले तर काय करायचे?

मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा दूधगंगेत टाकायची नाही. खोल खड्ड्यात चुना घालून पुरायची. एकदम जास्त पक्षी दगावले, तर हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवायचे. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगास प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९नुसार अशी माहिती देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. उरलेले पक्षी घाईने बाजारात नेऊन विकणे ही सर्वांत वाईट गोष्ट. रोग याच वाटेने दुसऱ्या गावात जातो. आणि निरोगी कोंबडीचे मटण-अंडी खायला भीती नको: ७० अंश तापमानाला नीट शिजवल्यावर बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही, आणि कोल्हापुरी रस्सा त्याहून कितीतरी वेळ उकळत असतो.