डबक्यात नव्हे, पिंपात

महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस दारात उभा राहिला की आपलं उत्तर ठरलेलं असतं, ‘आमच्याकडे घाण नाही हो, मागच्या गल्लीत बघा.’ तो हसतो आणि विचारतो, ‘पाण्याचं पिंप कुठे ठेवलंय?’ आपण घाणीबद्दल बोलत असतो आणि तो स्वच्छ पाण्याबद्दल. या गैरसमजाला मुंबईत मोठा इतिहास आहे. आज त्याविषयी थोडं बोलावं म्हणतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोग घाणीतून येतो, हाच तेव्हा सरकारचाही समज होता. गटारं धुतली गेली, भिंतींना चुना लागला, खोल्या कार्बोलिकनं धुऊन निघाल्या, उजेड यावा म्हणून कौलं उतरवली गेली. रोग वाहून नेत होती ती उंदराच्या अंगावरची पिसू. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ मध्ये कराचीत ते दाखवून दिलं, पण सर्वांनी ते मान्य करायला आणखी काही वर्षं गेली. दरम्यान शोधपथकं घरोघर शिरून आजाऱ्यांना नेत होती. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात, विणकर जुलाह्यांच्या वस्तीत, एका आजारी मुलीला न्यायला पथक आलं आणि शहरात दंगल उसळली. लोक अडाणी होते असं म्हणून हा प्रसंग निकालात काढता येतो. मला ते पटत नाही. परक्या पुरुषांनी येऊन पोर उचलून न्यायची आणि ती पुन्हा दिसेल की नाही हे कुणी सांगायचं नाही, अशा वेळी कुठलं घर राजीखुशीनं दार उघडेल? लोक आजारी माणूस लपवू लागले. कायदा कडक झाला आणि रोगी दिसेनासा झाला.

हिवतापाच्या वेळी मात्र गोष्ट निराळी घडली. हिवताप डासांमार्फत पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादेत सापडला होता. पुढे डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची पाहणी केली. त्यांचा अहवाल १९११ चा. दोषी निघाला तो ॲनॉफिलिस स्टीफेन्साय हा डास, आणि त्याचं माहेर निघालं वाड्यांमधल्या विहिरी. नितळ, गोड पाण्याच्या, लोकांनी जिवापाड जपलेल्या. विहार तलावाचं पाणी शहरात १८६० मध्येच आलं होतं, तरी धर्मकार्याला विहीरच लागे. ‘बुजवा नाहीतर झाका’ असा हुकूम निघाला तेव्हा साहजिकच विरोध झाला. विहिरीच्या पाण्याला सूर्याचा उजेड लागला पाहिजे, अशी पारशी मंडळींची श्रद्धा. अखेर विहीर झाकायची, पण तिला बारीक जाळीची झडप ठेवायची, असा मार्ग निघाला. उजेड आत, डास बाहेर. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहरामची विहीर आजही लोकांच्या श्रद्धेचं ठिकाण आहे.

आमच्या मुंबईच्या जामा मशिदीचा हौदही असाच जुना. मशीदच त्यावर उभी आहे आणि त्यात मासे आहेत. हौदात गप्पी मासे सोडा असं आरोग्य खातं सांगतं, ते अळ्या खातात म्हणून. आपल्या वाडवडिलांना अळीचं शास्त्र ठाऊक नसेल, पण साठवलेल्या पाण्यात मासा असावा हे त्यांना सुचलं होतं. (आम्ही कवी मंडळींनी विहिरीवर आणि पावसावर कागद भरले, अळीवर एक ओळ लिहिली नाही!)

आता डेंग्यूचा एडिस. हा दिवसा चावतो आणि त्याला विहीरही लागत नाही. कुंडीखालची ताटली, टाकून दिलेला टायर, फ्रीजमागचा ट्रे एवढं पुरतं. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पण पाणी नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटतात आणि पाण्यावाचून महिनोन्‌महिने टिकतात. पिंप पुन्हा भरलं की अळ्या हजर. कड खरखरीत ब्रशनं घासावी लागते. डेंग्यूवर नेमकं औषध नाही, म्हणून या घासण्याला फार किंमत आहे.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात कलम ३८१ आहे. त्याखाली नोटीस येते, पुढे खटला होतो. कलम हवंच, गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण आणि पक्की शिडी लावायला सोसायट्या त्याशिवाय हलत नाहीत. बांधकामाच्या जागीही तेच. पण ज्या वस्तीत नळाला तास-दोन तासच पाणी येतं, तिथली बाई पिंप हौसेनं भरत नाही. तिच्या हातात नोटीस द्यायची आणि नळाबद्दल गप्प बसायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. तिला आधी झाकण द्या, निदान पिंपाच्या तोंडावर बांधायला जुनं धोतर सुचवा. चांगले निरीक्षक हे करतात. ते पिंपातली अळी पळीत घेऊन तिला विजेरीच्या उजेडात दाखवतात. वळवळती अळी एकदा पाहिली की पुढच्या आठवड्यात पिंप घासलेलं सापडतं, आणि दारही लगेच उघडतं.