रोज्यांआधीचे आपेम

श्रावण लागायच्या आधी आपल्याकडे माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, जाजमं उन्हात पडतात. इंडोनेशियातल्या जावा बेटावर अशीच लगबग असते ती रमजानच्या आदल्या महिन्यात. त्या महिन्याला तिथं 'रुवाह' म्हणतात. अरबीत 'अर्वाह' म्हणजे आत्मे, तेव्हा घरच्या गेलेल्या माणसांची आठवण ओघानंच आली. पोराबाळांसकट सगळे कबरींवरचं गवत काढतात, फुलं वाहतात, दुवा मागतात. या चालीचं नाव 'न्याद्रान'. आणि गंमत म्हणजे हा शब्द 'श्राद्धा'वरून आला, असं जाणकार सांगतात!

चूल पेटते ती आपेमसाठी. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध नि साखर कालवून फुगेपर्यंत झाकून ठेवायचं आणि मग साच्यात ओतून भाजायचं. दक्षिणेकडच्या आप्पमचंच हे भावंड दिसतं. पण जावातल्या आज्या नातवंडांना सांगतात की, आपेम म्हणजे अरबी 'अफ्व', क्षमा. शेजारी आपेम द्यायचे ते वर्षभराचं उणंदुणं पोटात घालण्यासाठी. व्युत्पत्ती खरी असो नसो, शिकवण मात्र ताटलीसकट मुलांच्या हाती पडते. अबोला असलेल्या घरी ताटली पाठवणं किती जड जातं, हे मैत्रिणींनो, तुम्हांला का सांगायला हवं?

पूर्व जावात या जेवणाला 'मेगेंगान' म्हणतात. 'मेगेंग' म्हणजे श्वास रोखून धरणं. पुढं महिनाभर भूक, तहान आणि जीभही आवरायची ना! प्रार्थनेला बहुधा पुरुष बसतात आणि बायका चुलीपाशी. इथं मात्र त्यांचं नि आपलं अगदी जुळतं.

सगळ्यांनाच हे पटतं असं नाही. १९१२ साली निघालेल्या मुहम्मदिया संघटनेला मानणारे पुष्कळजण म्हणतात, धर्मानं सांगितलेलं नाही ते कशाला? १९२६ सालच्या नहदतुल उलमाची माणसं म्हणतात, चांगली चाल आहे, राहू द्या. दोन्हीकडची सोयरीक झाली की नव्या सुनेनं आपेम करायचे की नाही?

सुमात्रा बेटावरच्या आचे प्रांतात काळजी निराळी. रोजे सुरू होण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत तिथं घरोघरी मांस शिजतं. त्याला 'मेउगांग' म्हणतात. नव्या जावयानं सासूच्या हाती मांस आणून द्यायचं, त्यात त्याची पत. नेमका तेव्हाच भाव चढतो. हातावर पोट असलेला उसनवारी करतो, पण रिकाम्या हातानं घरी जात नाही. ज्याला तेही जमत नाही, त्याच्याकडे शेजारपाजारचे वाटा पाठवतात. विधवांकडे, पोरक्या मुलांकडेही. आणि तो वाटा न्यायला बहुधा घरातलं पोरच धाडतात.