डॅशबोर्ड खोटं बोलतो का, बॉस?

साठच्या दशकातली अमेरिकन मसल कार म्हणजे वेग, आवाज आणि फुल टू अ‍ॅटिट्यूड. पण तिची खरी किंमत कळते ती स्पीडोमीटरच्या मागे टॉर्च मारल्यावर!

१० जानेवारी २०२०. फ्लोरिडातल्या किसिमी इथे मीकम कंपनीचा लिलाव. स्टेजवर आली एक हिरवी फोर्ड मस्टँग. रंग विटलेला, पत्र्याला पोचे, आतून झिजलेली. आपल्याकडे अशी गाडी विकायला काढली तर पहिला सल्ला मिळेल, 'अरे, आधी डेंटिंग-पेंटिंग तरी करून घे!' तिथे हातोडा पडला ३४ लाख डॉलरवर. फी धरून हिशेब गेला ३७ लाख ४० हजारांवर.

आता ही काही साधी मस्टँग नव्हती. १९६८ च्या 'बुलिट' या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली ती हीच. पण गंमत अशी, की मालकांनी तिला चकाचक करायचा मोह टाळला होता. शूटिंगच्या वेळी कॅमेरा बसवायला खाली वेल्ड केलेले माउंटसुद्धा तसेच होते. या दुनियेत एक वाक्य सगळे बोलतात: गाडी पुन्हा नवी कितीही वेळा करता येते, ओरिजिनल मात्र ती एकदाच असते.

मग ओरिजिनल आहे हे ओळखायचं कसं? इंजिन सगळेच बघतात. जाणकार मात्र आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसतो आणि समोर बघतो.

सगळा घोळ इथेच

थोडी पार्श्वभूमी. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, परवडणाऱ्या गाडीत कोंबलेलं दांडगं व्ही-एट इंजिन. १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ ही यातली पहिली, असं बहुतेक जण मानतात. त्याच वर्षी १७ एप्रिलला मस्टँग आली, १९६७ च्या मॉडेलवर्षासाठी शेव्हरोलेची कॅमॅरो. या गाड्यांची ऑप्शनची यादी उडप्याच्या मेनू कार्डाएवढी लांब असायची. तीच बॉडी, पण एकीत साधं सहा सिलिंडरचं इंजिन आणि दुसरीत राक्षस. आज त्या दोघींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इथेच मोह होतो. साध्या गाडीला बॅज लावा, पट्टे ओढा, डायल बदला, झाली 'स्पेशल'! याला तिकडे क्लोन म्हणतात. क्लोन म्हणून विकला तर काहीच गैर नाही. पण पेटीवर लिहायचं 'देवगड हापूस' आणि आत भरायचा कर्नाटकचा आंबा, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

उदाहरण घ्या १९६९ च्या कॅमॅरो झेड/२८ चं. त्या वर्षी अशा २०,३०२ गाड्या बनल्या. पण गाडीच्या नंबरवरून, म्हणजे तिकडच्या व्हीआयएनवरून, इतकंच कळतं की इंजिन व्ही-एट आहे. झेड/२८ की साधी, ते नंबर सांगत नाही. मग बाकीचे साक्षीदार गोळा करावे लागतात. त्यातला एक म्हणजे टॅकोमीटर, इंजिनाचे फेरे दाखवणारा डायल. कुठलं इंजिन, त्याप्रमाणे त्यावरची लाल पट्टी वेगळ्या आकड्यापासून सुरू व्हायची. पट्टी एका इंजिनाची आणि बॅज दुसऱ्याचा, म्हणजे काहीतरी शिजतंय.

१९७० ची शेव्हरोले शेवेल तर बसल्या बसल्याच पकडता येते. एसएस मॉडेलला गोल डायलचा डॅश, साध्या मालिबूला आडव्या पट्टीचा स्पीडोमीटर. एसएसचा बॅज लावून आत आडवी पट्टी ठेवणारा विसराळू ठग विरळाच म्हणा. त्यामुळे डॅशही बदलला जातो, आणि मग प्रश्न उरतो की हा डॅश याच गाडीत जन्मला का?

दादाची जीटी

हे सगळं मी शिकले ते डेट्रॉइटजवळ. माझा मावसभाऊ, पुण्याचाच, तिकडे ऑटो इंजिनिअर आहे. मी दोन आठवडे त्याच्याकडे होते, आणि त्याच आठवड्यांत त्याला १९६५ ची मस्टँग जीटी घ्यायची होती. चार वर्षांची बचत, वहिनीचा अर्धा होकार आणि विकणाऱ्याने जीटी म्हणून लावलेला वरचा भाव. टेन्शन तर असणारच.

डॅश बघून मीच खूश झाले. पाच गोल डायल, मस्त रेट्रो! दादा म्हणाला, "तीच तर भानगड आहे." १९६५ च्या साध्या मस्टँगला आडवा स्पीडोमीटर असायचा. पाच डायल मिळायचे ते जीटी पॅकेजमध्ये किंवा महागड्या 'पोनी' इंटिरिअरबरोबर, तेही एप्रिल १९६५ पासून. मग १९६६ मध्ये सगळ्याच मस्टँगना पाच डायल आले. म्हणजे ६६ च्या मोडीत निघालेल्या गाडीतून डायल काढा आणि ६५ मध्ये बसवा. हाय काय अन् नाय काय!

दादाचे शेजारी कारखान्यातून रिटायर झालेले. ते टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन आले आणि चक्क डॅशच्या खाली पाठीवर झोपले. साध्या ६५ मध्ये तेल आणि चार्जिंगसाठी फक्त दिवे होते, पाच डायलच्या डॅशमध्ये त्यांचे काटे. त्यामुळे मागची वायरिंगही वेगळी. या गाडीत जुन्या वायरींना नव्या वायरी जोडून वर टेप गुंडाळलेली होती. कारखाना असले जोड मारत नाही.

मग बॉनेट उघडलं. ६५ च्या मस्टँगचा नंबर फेंडरच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. जीटी मिळायची ती फक्त 'ए' किंवा 'के' अक्षराच्या, चार बॅरल कार्ब्युरेटरच्या इंजिनावर. इथे अक्षर होतं 'सी', म्हणजे दोन बॅरल. खेळ खल्लास.

विकणारा बदमाश नव्हता. त्यालाही ती जीटी म्हणूनच विकली गेली होती. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी साध्या मस्टँगच्या भावात सौदा झाला आणि दादाने घरी आल्यावर पहिलं काम केलं, ते फेंडरवरचे जीटीचे बॅज काढायचं. डायल मात्र ठेवले. म्हणाला, "छान दिसतात. पण कुणी विचारलं तर खरं सांगणार."

मार्क कसे देतात?

याचा अभ्यास म्हणून चालणारा प्रकार बघायचा, तर नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी. १९७४ ची ही संस्था. कॉर्व्हेट तशी स्पोर्ट्स कार, पण जजिंगची शिस्त शिकावी ती यांच्याकडून. एकूण ४,५१० मार्क, टॉप फ्लाइट हा मान मिळवायला ९४ टक्के हवेत. आपल्या बोर्डाच्या मेरिट लिस्टची आठवण झाली ना?

प्रत्येक भागाला दोन वेगळे मार्क असतात, एक ओरिजिनल असण्याचा आणि दुसरा अवस्थेचा. ओरिजिनल ठरवताना पाच गोष्टी बघतात. घडण बरोबर आहे का, भागावरची तारीख गाडीच्या तारखेशी जुळते का, सगळे तुकडे आहेत का, बसवलाय नीट का आणि फिनिश कारखान्यासारखं आहे का. डॅशवरचं घड्याळ बंद असेल तरी मार्क जातात! आणि कारखान्याने दिला त्याहून जास्त चकचकीत केलं, तरीही मार्क जातात. तिकडे 'ओव्हर-रिस्टोअर्ड' ही शिवी आहे.

तारखेचं गणित सोपं आहे. गाडी मार्चमध्ये जुळवली आणि रेडिओवर त्यानंतरच्या जूनचा शिक्का, तर तो रेडिओ नंतर आलाय. आधीची तारीख चालते, कारण भाग आधी बनतो आणि गाडी नंतर.

दोन रिव्हेट, एक जप्ती

डॅशबोर्डवरची सगळ्यात छोटी पण सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे व्हीआयएनची पट्टी. जनरल मोटर्सने १९६८ च्या मॉडेलपासून ती कॅमॅरोसारख्या गाड्यांत डॅशवर, काचेतून बाहेरून दिसेल अशी लावली. तिचे रिव्हेट खास, फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याचे. साधे गोल रिव्हेट दिसले की सावध व्हायचं. पट्टीशी छेडछाड हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे.

कधी कधी यात निरपराधही भरडला जातो. कॅन्ससमध्ये २०१७ साली एकाची १९५९ ची कॉर्व्हेट पोलिसांनी जप्त केली. आधीच्या कुणीतरी रिस्टोअर करताना नंबरची पट्टी काढून पुन्हा लावली होती. कायद्याप्रमाणे गाडी नष्टच करायची वेळ आली. शेवटी २०२२ मध्ये राज्याने कायदा बदलला, तेव्हा कुठे मालकाला ती परत मिळायचा रस्ता मोकळा झाला.

आपल्या कामाचं काय?

मस्टँग आपण कधी घेऊ तेव्हा घेऊ. सेकंड हँड गाडी मात्र आपल्यातला प्रत्येक दुसरा माणूस घेतो. तेव्हा हे लक्षात ठेवा:

• किलोमीटरचा आकडा एकटा वाचू नका. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंग आणि सीटची कड, तिघांनी त्याला दुजोरा द्यायला हवा. (जुन्या मसल कारचा ओडोमीटर तर पाचच आकड्यांचा. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य!)

• स्क्रूची डोकी बघा. ओरखडे असतील तर तो भाग उघडलाय. का उघडला, ते विचारा.

• सगळ्या जुन्या भागांत एकच नवा कोरा भाग दिसला, की प्रश्न त्याच्याबद्दलच विचारा.

• कागद आणि चासी नंबर स्वतः जुळवा. एजंटच्या मोबाइलवरचा फोटो बघून नाही.

• बदललेला भाग म्हणजे वाईट गाडी नव्हे. बदल लपवला असेल, तर मात्र उठा आणि चहा प्यायला दुसरीकडे जा.